श्वासांचं आवक-जावक

सकाळी माझा चहा अर्धाच झाला होता, तेवढ्यात भावनानं टेबलावर मोबाइल ठेवला आणि म्हणाली, "हे ऐका." आधी पंख्याची घरघर आली, मग गल्लीतलं कुत्रं, आणि मग कोणीतरी जात्यावर हरभरे भरडायला बसावं तसा आवाज सुरू झाला. थांबून थांबून, पण नेटानं, काम अंगावर घेतल्यासारखा. मी विचारलं, ही कुठली गिरणी? ती म्हणाली, "तुमचं तोंड."

मी स्वभावानं शांत माणूस आहे. सव्वीस वर्षं सरकारी नोकरी केली, तीही आवक-जावक टेबलावर. कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर देऊन आत घ्यायचं आणि जाणाऱ्याला नंबर देऊन बाहेर सोडायचं, हे माझं काम. माझ्या हातून एकही कागद बिननंबरी आत आला नाही की बाहेर गेला नाही. कार्यालय कोणतं ते सांगत नाही. जालना जिल्ह्यात आहे, तालुक्याचं आहे, एवढं पुरे. अजून सहा वर्षं नोकरी बाकी आहे. तर असा माणूस झोपेत कराकरा दात खातो, हे मला पटणं शक्यच नव्हतं. आवाज शेजारचा असणार, असं मी जाहीर केलं आणि ते सिद्ध करायला मोबाइल घेऊन अप्पारावांकडे गेलो.

आमच्या दोन घरांच्या मधली भिंत एकच आहे, तीही एका विटेची. अप्पाराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षांपूर्वी इथे राहायला आले. आयुष्यभर स्टँडावर उभं राहून त्यांनी गाड्या आत घेतल्या आणि बाहेर सोडल्या, त्यामुळे आमच्यात एक प्रकारचा व्यावसायिक जिव्हाळा आहे. त्यांनी डोळे मिटून सगळं रेकॉर्डिंग ऐकलं. मग आत तोंड करून बायकोला हाक मारली, "बेबीनंदा, इकडं ये. आपली घूस सापडली."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी मला भिंतीपाशी नेऊन एक पिंजरा दाखवला. त्यात ताजं भजं लावलेलं होतं. "श्रीपतराव, दोन वर्षं झाले मी हा लावून राह्यलो," ते म्हणाले. "रोज भजं बदलतो. मी म्हणलं, जनावर लई हुशार हाय, घावतच न्हाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट कौतुकच होतं. मी त्या भज्याकडे पाहत उभा राहिलो. एका राजपत्रित नसलेल्या, पण इभ्रतदार कर्मचाऱ्यासाठी कोणी दोन वर्षं पिंजरा लावतं, ही गोष्ट पचवायला वेळ लागतो.

घरी येऊन मी भावनाला विचारलं, हे कधीपासून चाललंय? ती पोळ्या लाटत होती. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून, असं तिनं सांगितलं. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं विचारल्यावर तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. बोलून काय झालं असतं, तुम्ही झोपेत थोडेच ऐकणार होते, असं तिचं म्हणणं पडलं. प्रशासकीय दृष्ट्या ते बरोबरच होतं. मी मात्र थक्क झालो. माझ्या टेबलावरचा पंखा दोन दिवस वाजला तर मी तीन अर्ज लिहिले होते.

मग आताच का सांगितलं? त्याचं कारण तिच्या हातात होतं. भावना प्राथमिक शिक्षिका आहे, आमच्याच तालुक्यातल्या एका वस्तीशाळेवर. पहाटे पाचला उठते, सगळ्यांचं करून साडेसहाची जीप पकडते. केंद्रप्रमुखपदाची परीक्षा किती वर्षांनी लागली होती आणि या वेळी हुकली तर पुढच्या वेळी वयाची अट आडवी येणार होती. ती रोज दोन तास अभ्यास करत होती. पहिल्या सराव पेपरात तिला शंभरात चौऱ्याऐंशी मार्क पडले होते. काल रविवारी पडले एकतीस. तिनं उत्तरपत्रिका माझ्यापुढे धरली. विसाव्या प्रश्नापर्यंत सगळं बरोबर होतं; तिथून पुढे तिनं प्रत्येक उत्तराचा गोल एक ओळ खाली भरला होता. उत्तरं सगळी खरी, जागा सगळी चुकलेली. उघड्या डोळ्यांनी तिला डुलकी लागली होती आणि तिला ते समजलंही नव्हतं.

"मला झोप पाहिजे," ती म्हणाली. "बाकी काही न्हाई."

रडली नाही, भांडली नाही. खोडरबरनं ते गोल पुसत बसली, ज्याचा काहीच उपयोग नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. परीक्षेला सात आठवडे होते. सात आठवड्यांत मी हे दात गप्प करीन, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. सरकारी माणसानं एखादं काम मुदतीत करायचं ठरवलं की काय काय होतं, याचा मला पुरेसा अनुभव होता, पण त्या क्षणी तो आठवला नाही.

सगळ्यात आधी बेबीनंदाताईंनी केस हातात घेतली. त्या अंगणवाडी सेविका आहेत. दात खाणं म्हणजे पोटात जंत, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी मेडिकलमधून गोळी आणवली आणि मी ती चावून खाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता आ करा." मी आ केला. त्यांनी आत नीट पाहिलं, गोळी गेल्याची खात्री केली आणि टाळी वाजवली. सवयीनं वाजली, असं नंतर म्हणाल्या. बावन्नाव्या वर्षी गोळी खाल्ल्याबद्दल टाळी मिळवणारा आमच्या खात्यात मी एकटाच असेन. जंत होते की नव्हते ते माहीत नाही, आवाज होता तसाच राहिला.

केदारखेड्याच्या मेहुण्यांचं म्हणणं पडलं की ताईला महिनाभर माहेरी पाठवा. भावनानं ते ऐकूनच घेतलं नाही. बाई झोपायला माहेरी आली म्हटल्यावर गावात काय काय कहाण्या तयार होतील याची तिला पक्की माहिती होती. मग मीच गच्चीवर झोपायला गेलो, तर ती दोनदा वर येऊन बघून गेली, मी पांघरूण घेतलंय की नाही ते. म्हणजे तिची झोप आणखी दोनदा मोडली. तेव्हा शेवटी मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर प्रियदर्शनी वयानं लहान आहेत, पण समोरच्याच्या तोंडात आरसा घालून बोलत असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येत नाही. एका दाढेला तडा गेलाय, बाकीच्या झिजल्यात, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "काका, कोणाचा राग येतो का?" मी म्हणालो, छे, मला कोणाचाच नाही. विचार करून सांगा म्हणाल्या. मी विचार केला. २००९ सालच्या एका तपासणी अधिकाऱ्यापासून सुरुवात केली. वीस मिनिटांनी मी दारासमोर मोटारसायकल लावणाऱ्या माणसापर्यंत पोचलो होतो, तेव्हा त्या म्हणाल्या की पुरे, बाहेर पेशंट थांबलेत.

त्यांनी रात्री दातांवर बसवायची एक पारदर्शक पट्टी करून दिली. ती वर्षानुवर्षं टिकते म्हणाल्या. पाचव्या दिवशी सकाळी मी तिचे दोन तुकडे रुमालात बांधून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते उजेडात धरले, त्यांचा फोटो काढला आणि आपल्या कॉलेजातल्या सरांना पाठवला. सरांचा उलट निरोप आला की पेशंट बघायला मिळेल का. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मीही चाट पडलो होतो. स्टेपलर दाबायला मला दोन्ही हात लागतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण अजून भावनाच उघडते. आणि तोच मी झोपेत कारखान्यात बनलेली वस्तू चावून तोडतो. हा कोण राहत होता माझ्यात, इतकी वर्षं, नोंद नसलेला?

आता श्वासाचा व्यायाम करा, डॉक्टर म्हणाल्या. दिवसासुद्धा तुम्ही दातावर दात दाबून बसता, तेच रात्री चालू राहतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला. चार मोजत श्वास आत घ्यायचा, सहा मोजत बाहेर सोडायचा. दिवसातून तीनदा आणि झोपण्यापूर्वी एकदा. अगदी सोपं, असंही त्या म्हणाल्या.

मी घरी येऊन करून पाहिलं आणि पहिल्याच दिवशी गोत्यात आलो. श्वास मोजायला गेलो की दात आपोआप आवळले जायचे. मोजणी ही माझ्यासाठी कधीच हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. अप्पाराव निवृत्त झाल्यावर दहा दिवस विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आले होते. ते गच्चीच्या कठड्यावरून माझे हाल बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. "श्रीपतराव, श्वास ढवळू नका. बघा फक्त," ते म्हणाले. "गाडी आली, बघितली. गाडी गेली, बघितली. आपुन कुठं ड्रायव्हर हाव?" उपदेश उत्तम होता. पण त्यांनीही आयुष्यभर प्रत्येक गाडीची वेळ लिहून ठेवलीच होती, हे मी शेजारधर्म म्हणून बोललो नाही.

कारण मी तोपर्यंत वही घातली होती. दोनशे पानी, लाल बांधणीची. रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, आवक श्वास, जावक श्वास, शेरा. व्यायामाच्या वेळी जितके आत आले तितके बाहेर गेले पाहिजेत, हे तर उघड होतं. चौथ्या दिवशी आवक तीनशे बारा भरली आणि जावक तीनशे अकरा. एक श्वास आत आला होता आणि बाहेर गेल्याची नोंद नव्हती. मी अर्धा तास बसून तो शोधला. शेवटी आठवलं, मध्ये शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी कल्याण चहा विचारायला आला होता, त्याला "नको" म्हणताना तो श्वास गेला होता. मी शेऱ्यात तसं लिहिलं आणि मोकळा झालो.

हसू नका. त्या वहीमुळे मला आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीचा अंदाज आला. मिनिटाला पंधरा धरले तरी माणूस दिवसाला वीस हजारांच्या वर श्वास घेतो. मी एका दुपारी कागदावर गणित मांडलं. सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावरून जितके कागद आत-बाहेर झाले, तितकं काम माझी छाती अठरा-वीस दिवसांत करते. तेही रविवार न घेता, वरची मंजुरी न मागता, एकाही कागदावर कोणाची सही नसताना. मी पेन खाली ठेवलं. आपण ज्याला काम म्हणत आलो ते काय आणि हे काय चाललंय, असं झालं. इतका अचंबा मला कोणत्याही देवळात वाटला नव्हता, आणि मी दर वर्षी जांब समर्थला जाणारा माणूस आहे.

व्यायाम मी कार्यालयातच करायचो, दुपारच्या जेवणानंतर, टेबलावर वही उघडून, डोळे मिटून. पहिल्या दिवशी कल्याणनं माझ्या नाकाखाली बोट धरून बघितलं. एक बाबा अर्ज घेऊन आले होते. मी सहा मोजत सोडलेला श्वास त्यांनी स्वतःवर घेतला आणि अर्जात काय कमी आहे ते हात जोडून विचारू लागले. पण हळूहळू लोकांचा आवाज माझ्या टेबलाजवळ आला की खाली येऊ लागला. माणसं रांगेत उभी राहत. मला वाटतं, डोळे मिटलेल्या सरकारी माणसाला त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, पण इतक्या सरळ पाठीनं बसलेला त्यांच्या पाहण्यात नव्हता.

दातांचं म्हणाल तर तीन आठवड्यांत थोडा फरक पडला होता. बेबीनंदाताई सकाळी भिंतीपलीकडून अहवाल देत, आज कमी होतं म्हणून. भावनाच्या सराव पेपरात सत्तर पडले. सगळं नीट चाललं होतं आणि तेवढ्यात आमच्या साहेबांनी टेबलांची तपासणी काढली.

त्या दिवशी साहेबांना पाच वाजायच्या आत 'कार्यालयातील नावीन्यपूर्ण उपक्रम' या मथळ्याखाली वर माहिती पाठवायची होती. आमच्याकडे नवीन म्हणावा असा फक्त पाण्याचा माठ होता. साहेबांनी माझ्या टेबलावरची लाल वही उचलली, पानं उलटली आणि विचारलं, "श्रीपतराव, हे काय आहे?" समोर कल्याण, बाजूला सहा अर्जदार. साहेब, मी रात्री दात खातो, हे एवढ्या लोकांत सांगायचं म्हणजे उरलेली सहा वर्षं त्या कार्यालयात तोंड दाखवायला नको. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "उपक्रम आहे, साहेब."

त्यांचा चेहरा उजळला. तीन आठवड्यांची रोजची आकडेवारी, कुठे खाडाखोड नाही, शेऱ्यासकट. ताणमुक्तीसाठी का, असं त्यांनी विचारलं आणि मी मान हलवली. पाचला दहा कमी असताना माहिती वर गेली. तिला जावक नंबर मीच दिला.

आठवड्यात उत्तर आलं. उपक्रम स्तुत्य असून तालुक्यातल्या सर्व कर्मचाऱ्यांसाठी एक दिवसाची कार्यशाळा घ्यावी, छायाचित्रांसह अहवाल द्यावा, विभागावरून मोठे साहेब स्वतः येतील. प्रमुख मार्गदर्शक म्हणून माझं नाव. मी घाबरून त्याच दिवशी लेखी विनंती केली की मी या विषयातला जाणकार नाही, मला वगळावं. तो अर्ज नियमाप्रमाणे माझ्याच टेबलावर आवक झाला. मी त्याला नंबर दिला. साहेबांनी त्यावर 'संबंधित विषयतज्ज्ञाचा अभिप्राय घ्यावा' असा शेरा मारला आणि तो अभिप्रायासाठी माझ्याकडे परत आला. मी जाणकार नाही, हे ठरवायला तालुक्यात माझ्याइतका जाणकार कोणी नव्हता.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण कार्यशाळेची तारीख मी तीनदा वाचली. शनिवार होता. भावनाचा पेपर रविवारी होता. शिक्षकांनाही उपस्थिती सक्तीची होती. शाळेच्या ग्रुपवर आलेलं पत्र तिनं संध्याकाळी मला दाखवलं, वर माझं नाव आणि खाली तिच्या शाळेचं. "शनिवारी सुट्टी घेऊन दिवसभर झोपणार होते मी," एवढंच ती म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली. मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे तिच्या रजेचं बोलून पाहिलं. मार्गदर्शकाचीच बाई गैरहजर कशी चालेल, असं त्यांनी उलट मलाच विचारलं. फोटो काढायचे होते. तिला झोप मिळावी म्हणून मी जे सुरू केलं होतं, त्यानंच तिचा झोपेचा एकुलता दिवस खाल्ला होता.

आणि त्या काळजीनं दात पुन्हा सुरू झाले. शनिवारी सकाळी बेबीनंदाताईंनी मला अहवाल दिला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या, त्यावरून मी समजलो. भावनाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिनं गाईड पिशवीत टाकलं आणि आम्ही एकाच जीपमधून कार्यशाळेला गेलो. अप्पारावही आमच्याबरोबर आले, कोणी बोलावलं नसताना. दोन वर्षं ज्याच्यासाठी भजी लावली त्याचं भाषण मी चुकवणार न्हाई, असं ते म्हणाले.

कार्यशाळा तालुक्याच्या मंगल कार्यालयात होती. दोनशे चाळीस माणसं आली होती: ग्रामसेवक, शिक्षक, कारकून. मागे माझ्या फोटोचा फलक, ज्यात मी दातावर दात दाबून हसतोय हे मला एकट्यालाच कळत होतं. मोठे साहेब साडेदहाला येणार होते, अकरा वाजून गेले तरी पत्ता नव्हता. आमच्या साहेबांनी माझ्या कानात सांगितलं की सत्कार, दीपप्रज्वलन, भाषण सगळं ते आल्यावर. तोपर्यंत तुमचं काय ते चालू करा, माणसं उठून जाऊन राह्यली.

मी माइकपुढे उभा राहिलो. तयार करून आणलेलं चार पानांचं भाषण खिशात होतं, ते काढायला हातच गेला नाही. दाढ ठणकत होती. मी सांगितलं, ओठ मिटा, दात सुटे ठेवा, जीभ टाळूला लावा. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. कोणाचा तरी मोबाइल वाजला, बंद झाला. पुन्हा घ्या, पुन्हा सोडा. खुर्च्या करकरल्या, कोणी खोकलं, दोघंजण महागाई भत्त्याचं काहीतरी कुजबुजत होते तेही थांबले. दहाव्या-बाराव्या श्वासाला माझ्या लक्षात आलं की पंख्यांशिवाय काहीच ऐकू येत नाही.

दोनशे चाळीस सरकारी कर्मचारी एका जागी आणि आवाज नाही. सगळ्यांच्या छात्या एकदम वर येत होत्या, एकदम खाली जात होत्या. त्यात पेन्शनवाले होते, बिनपेन्शनवाले होते, निलंबित होऊन परत आलेला एकजण होता, आणि श्वास घेताना कोण कोण आहे ते ओळखू येत नव्हतं. मी मोजायचंही विसरलो. नुसतं "घ्या" आणि "सोडा" म्हणत राहिलो, आणि माझं मलाच जाणवलं की माझ्या तोंडात दात एकमेकांना लागलेले नाहीत.

तेव्हा मला भावना दिसली. तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून. तिचं डोकं खांबाला टेकलं होतं, मांडीवर पिशवी होती आणि पिशवीवर हात उघडा पडला होता. ती झोपली होती.

मी थांबलो नाही, "घ्या" म्हणालो, "सोडा" म्हणालो, पण डोळे तिथून हलेनात. कारण मला त्या क्षणी कळलं की मी तिला झोपलेली कधी पाहिलंच नव्हतं. बावीस वर्षांत एकदाही नाही. रात्री तिच्याआधी मी झोपतो, सकाळी माझ्याआधी ती उठते. मी पाहिलेली भावना नेहमी उभी, काहीतरी हातात असलेली. तिच्या दोन भुवयांच्या मध्ये एक आठी आहे. ती जन्मापासूनची आहे असं मी धरून चाललो होतो. ती आठी तिथे नव्हती. ओठ जरासे सुटलेले, चेहरा कॉलेजातल्या मुलीसारखा. श्वास इतका हलका की पदर हलतोय की नाही ते बघावं लागत होतं. त्या वीस हजारांपैकी प्रत्येक श्वास तिला कमवून घ्यावा लागत असणार, माझ्या शेजारी. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पुन्हा "घ्या" म्हणालो.

पावणेबाराला बाहेर गाड्या वाजल्या. मोठे साहेब आले. मागे शालींचं ताट, नारळ, स्वागतगीताच्या मुली, माइकवाला "हॅलो" म्हणायला पुढे सरसावलेला. आमचे साहेब मला हातानं खुणावत होते, थांबवा, सगळ्यांना उभं करा. सव्वीस वर्षांत साहेब दारात दिसल्यावर मी बोलता बोलता थांबलो नाही, असं कधी झालं नव्हतं. मी माइकवाल्याला हातानं मागे सारलं आणि अगदी हळू आवाजात माइकमध्ये म्हणालो, "साहेब, श्वास चालू आहे. बसून घ्या."

आमच्या साहेबांचा रंग उडाला. मोठे साहेब दारातून पुढे आले. मग पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसले, ओठ मिटले आणि डोळेही मिटले. स्वागतगीताच्या मुली भिंतीला टेकून खाली बसल्या. चिठ्ठ्या येऊ लागल्या: सत्कार कधी, दीप कधी, चहा गार झाला. मी त्या एकावर एक ठेवत गेलो, एकीलाही नंबर दिला नाही. माणसांनी मध्येच डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मग मी कुठे पाहतोय तिकडे पाहिलं. आणि जो जो पाहत गेला तो पुन्हा डोळे मिटत गेला. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

एक वाजता मोठ्या साहेबांनी डोळे उघडले. मी बोटानं तिसरी रांग दाखवली. त्यांनी वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि चप्पल काढून हातात घेतली. भाषण न करता ते चवड्यांवर दाराकडे गेले. मग मागून अप्पाराव उठले आणि त्यांनी आपलं जुनं काम हाती घेतलं. शिट्टी नाही, आवाज नाही, नुसत्या हाताच्या खुणा: ही रांग निघू द्या, ती थांबा, आता तुम्ही. दोनशे चाळीस माणसं पायातलं हातात घेऊन त्या दारातून बाहेर गेली आणि एक खुर्ची वाजली नाही. मी नोकरीत पुष्कळ काही पाहिलं, असं काही पाहिलं नव्हतं.

मी खाली उतरलो आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो, दात सुटे ठेवून. बाहेर जेवणाच्या पंगती बसत होत्या, त्याही हळू आवाजात. ती अडीचला जागी झाली. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि गडबडून पिशवी सावरली.

"सगळे गेले?" ती म्हणाली. "मंग मला उठवलं का न्हाई तुम्ही?"

मी म्हणालो, "बावीस वर्षं उठवायचंच काम करून राह्यलो ना मी."